आईवडिलांना यकृत देताना

वडिलांना यकृत द्यायचे म्हणजे अख्खे नव्हे. बहुधा उजवा भाग, साधारण 60 टक्के. दात्याकडे उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून बराचसा भरून येतो. मूत्रपिंडाचे तसे नाही. ते दिले की दिले. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994च्या कायद्यानुसार दात्याला 18 वर्षे पूर्ण हवीत. मुलगा-मुलगी जवळच्या नात्यात मोडतात, सून-जावई मात्र नाहीत (सासऱ्यांची सेवा कितीही केलेली असो!), त्यांचे प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. रक्तगट जुळला तरी दात्याच्या यकृतात चरबी जास्त निघाली, तर डॉक्टर आधी वजन उतरवायला सांगतात. सगळ्यात नाजूक बाब घरातल्या दबावाची. दात्याने डॉक्टरांना एकट्याने भेटावे. भूल देईपर्यंत त्याला नकार देता येतो.