थंडी, गहू आणि देवासचं पाणी

देवास आपल्या इंदूरपासून जेमतेम 35 किलोमीटर. माझ्या आजीचं माहेर तिथलं. एवढ्याशा गावात पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार! इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्यांचं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक तिथल्या आठवणींचंच आहे. 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली.

आजीला मात्र राजांपेक्षा गव्हाचं कौतुक जास्त. "आमच्या गव्हाला पाणी लागायचंच नाही गं," असं ती म्हणते, तेव्हा मला ही तिची नेहमीची अतिशयोक्ती वाटायची. पण ती खरं सांगत होती.

माळव्याची काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते. पूर्वी बरेच शेतकरी पावसाळ्यात शेत रिकामंच ठेवायचे, म्हणजे ती ओल गव्हासाठी शिल्लक राहायची. पावसाळा सरला की पेरणी. मग मातीतली ओल, रात्रीचं दव आणि माळव्याची थंडी, एवढ्यावर कठीण दाण्याचा माळवी गहू तयार व्हायचा. बाफले त्याचेच करावेत, असं आजीचं ठाम मत. (माझंही. फक्त मला तूप जरा जास्त लागतं.) थंडी लवकर ओसरली तर दाणा नीट भरत नाही, म्हणून घरोघरी थंडीचीच चौकशी.

मग सोयाबीन आलं. पावसाळ्यात रिकामं राहणारं शेत भरलं, पैसा आला, शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पण राखून ठेवलेली ओल आता सोयाबीन पिऊ लागलं. जास्त उत्पन्न देणाऱ्या नव्या गव्हाला तर पाणी हवंच. म्हणून बोअरिंग, ते आटलं की आणखी खोल. 1990 च्या दशकात अशी वेळ आली की देवासला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं.

2006 मध्ये तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीचा एक भाग तलावासाठी द्यायला तयार केलं. या तलावांना नाव दिलं 'रेवा सागर'. आधी मोठ्या शेतकऱ्यांनी खोदले, त्यांचं पीक पाहून इतरांनी. जिल्ह्यात असे हजारो तलाव झाले. मला यातली विशेष गोष्ट ही वाटते, की शेताचा तुकडा पाण्याखाली घालणं हा तोटा नाही, हे शेतकऱ्याला हिशेबाने पटवलं गेलं.

आपण इंदूरवाले 1978 पासून नर्मदेचं पाणी पितो. तेही दूरवरून, घाट चढवून आणलेलं. तरी आमच्या कॉलनीत उन्हाळा लागला की टँकर येतो आणि बादल्यांवरून भांडणं होतात. मागच्या मे महिन्यात आमचं बोअरिंग आटलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिलाच प्रस्ताव आला, आणखी खोल खणूया. आजी बाजूलाच बसली होती. म्हणाली, "आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठं जातं रे?"

गटारात जातं. यंदा पावसाळ्याआधी ते जमिनीत मुरवायचा पाइप बसवायचा, असं ठरलंय. वर्गणी अजून निम्मीच जमलीय.