इंग्लंडांतील मतनोंदीचीं पुस्तकें

निवडणुकीपूर्वीं कोणत्या पक्षास मत द्यावें, याविषयीं मतदार घरींदारीं वाद करितात. तो वाद कागदावर क्वचितच उतरतो. पण त्या वादाअंतीं प्रत्येकानें काय ठरविलें, हें नांवनिशीवार सांगणारें एक साधन इंग्लंडांत आहे. तें म्हणजे ‘पोल बुक’. इ. स. १८७२ पर्यंत तेथें पार्लमेंटचें मत उघडपणें, तोंडी द्यावें लागे व कारकून तें मतदाराच्या नांवापुढें टिपून घेई. इ. स. १६९६ च्या कायद्यानें काउंटीच्या निवडणुकींतील नोंदीची नक्कल मागणारास देणें शेरीफावर बंधनकारक झालें. पुढें अशा याद्या छापूनहि निघत.

बहुतेक मतदारसंघांतून दोन प्रतिनिधी जात, म्हणून मतदारास दोन मतें असत. कोणी दोन्ही व्हिगांस देई, कोणी एक व्हिगास व एक टोरीस, तर कोणी एकच देऊन दुसरें राखून ठेवी. या वांटणींत त्याचें मन वाचण्याचा मोह होतो. परंतु जमीनदाराचा कारभारी समोर उभा असतां कुळानें दिलेलें मत, हें त्याचें स्वतःचें म्हणावें काय?

इ. स. १८७२ च्या कायद्यानें मत गुप्त झालें व १८७४ ची सार्वत्रिक निवडणूक त्या रीतीनें पार पडली. मतदारास अभय मिळालें. इतिहासाचा एक साक्षीदार मात्र गेला.

म्हणून अशी प्रत हातीं आल्यास संग्राहकांनीं समासांतील शाईचे शेरेहि जपावे आणि ती त्याच गांवच्या खंडपट्ट्यांशीं ताडून पाहावी. मत कोणास दिलें, हें पुस्तक सांगतें. कां दिलें, तें शेजारच्या कागदांत शोधावें लागतें.