गॉल्फ-मार्गदर्शक ग्रंथ
गॉल्फमधील फटक्याचे तंत्र विशद करणारे ग्रंथ. अमेरिकन खेळाडू बेन होगन यांचा *फाइव्ह लेसन्स* (१९५७) व होमर केली यांचा *द गॉल्फिंग मशीन* (१९६९) हे विशेष प्रसिद्ध आहेत. केली यांनी फटक्याची २४ घटकांत यांत्रिक फोड केली. काठीची पकड, पवित्रा व रोख या फटक्यापूर्वीच्या बाबी ग्रंथांवरून शिकता येतात. तथापि वर नेलेली काठी खाली येऊन चेंडूवर आदळण्यास सु. पाव सेकंदच लागत असल्याने तेवढ्यात जाणीवपूर्वक दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य असते. गाब्रिएले वुल्फ व सहकारी यांच्या प्रयोगात (१९९९) हातांच्या हालचालीऐवजी काठीच्या झोक्यावर लक्ष ठेवणाऱ्या नवशिक्यांचे फटके अधिक अचूक ठरले. सारांश, ग्रंथांतील सूचना पूर्वतयारीस उपयुक्त होत. प्रत्यक्ष फटका मारताना मात्र त्यांचे स्मरण बहुधा बाधक ठरते.