एका फुंकरीची गोष्ट

बालमित्रांनो, फुंकर म्हटली की तुम्हाला काय आठवतं? गरम चहा बशीत ओतून आजोबा घालतात ती फुंकर. गुडघा खरचटला की आई घालते ती फुंकर. चुलीतला विस्तव पेटवायला आजी फुंकणीतून घालते ती फुंकर. आज तुम्हाला आणखी एका फुंकरीची गोष्ट सांगते. ही फुंकर रात्रीच्या वेळी, रस्त्यात, पोलिसांसमोर घालावी लागते. मोठी माणसं ती घालायला फार का-कू करतात. पण ती नीट घातली गेली, तर कुणाचा तरी जीव वाचतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला शिकवते. वणी म्हणजे कोळशाचा मुलूख. उकणी, निलजई, राजूर अशा खाणी आजूबाजूला. घुग्घूस रोडवर काय किंवा वरोरा रोडवर काय, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. कापसाचा हंगाम आला की त्याच रस्त्यांवर कापसाच्या बैलगाड्या आणि टेम्पो येतात. खाणीतली पाळी सुटली की सायकली आणि मोटारसायकली. बैलगाडीला मागे लाल दिवा नसतो. अशा रस्त्यावर पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसालासुद्धा डोळ्यांत तेल घालून गाडी चालवावी लागते. मग जो दारू प्यायलेला आहे, त्याचं काय होत असेल?

आमच्याकडे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथे १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. २०२१ साली ती उठवण्यात आली. त्या सहा वर्षांत नदीच्या पलीकडे बंदी, अलीकडे दुकानं चालू आणि मध्ये फक्त पूल! पिण्यासाठी जो अलीकडे येई, त्याला घरी परतायचं तर पूल ओलांडूनच जावं लागे. म्हणजे बघा, दारूचं दुकान असावं की नसावं हा एक प्रश्न, आणि प्यायलेल्या माणसाच्या हातात गाडीची किल्ली असावी का, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्या प्रश्नावर मोठ्यांचे वाद पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रश्नावर वाद घालायला जागाच नाही.

नळीत फुंकलं की काय होतं?

रात्री नाकाबंदी असली की पोलीसकाका गाडी थांबवतात आणि एक लहानसं यंत्र पुढे करतात. त्याला म्हणतात ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे श्वास तपासणारं यंत्र. "फुंका!" म्हणतात. त्या फुंकरीतून यंत्राला पोटातली गोष्ट कशी कळते बरं?

दारूतला मुख्य पदार्थ अल्कोहोल. तो पोटातून आणि आतड्यातून रक्तात जातो. रक्त फुप्फुसात येतं. तिथे त्यातला थोडासा अल्कोहोल वाफेसारखा श्वासात मिसळतो. शास्त्रज्ञांनी त्याचं प्रमाणही काढलं आहे. १ मिलीलिटर रक्तात जेवढा अल्कोहोल असतो, साधारण तेवढाच फुप्फुसातून आलेल्या २१०० मिलीलिटर हवेत असतो. म्हणून श्वास मोजला की रक्ताचा अंदाज येतो.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिस दलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली ब्रेथलायझर नावाचं यंत्र तयार केलं. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण वापरत. श्वासात अल्कोहोल असला की त्याचा नारिंगी-पिवळा रंग बदलून हिरवट होऊ लागे. आजच्या बऱ्याच यंत्रांत एक छोटा विद्युतघट असतो. अल्कोहोल आला की त्यात वीज तयार होते. अल्कोहोल जितका जास्त, तितकी वीज जास्त, आणि पडद्यावर तितका मोठा आकडा.

आता एक गंमत. काही जण नाकाबंदी दिसली की पान खातात, बडीशेप चघळतात, कांदा खातात. त्यानं तोंडाचा वास झाकेल. पण यंत्र वास घेतच नाही! ते फुप्फुसाच्या खोलातून आलेला अल्कोहोल मोजतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनीही रक्तातला अल्कोहोल लवकर कमी होत नाही. ते काम यकृत करतं, आणि तेही त्याच्या संथ गतीनं: १०० मिलीलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. त्याला घाई करता येत नाही.

अर्ध्या सेकंदाचं गणित

चला, वही काढा. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगानं चालली आहे. ६० किलोमीटर म्हणजे ६०,००० मीटर. एका तासात ३,६०० सेकंद. भागाकार करा. एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर! समोर बैलगाडी दिसली की डोळे मेंदूला सांगतात, मेंदू पायाला सांगतो, आणि मग ब्रेक दाबला जातो. दारूनं हा निरोप उशिरा पोहोचतो. समजा, फक्त अर्धा सेकंद उशीर झाला. तेवढ्यात गाडी ८ मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. बैलगाडी ८ मीटरच्या आत असेल तर?

दुसरी वाईट गोष्ट अशी की, दारू आधी सारासार विचारच बोथट करते. म्हणून प्यायलेला माणूस ठणकावून सांगतो, "काही होत नाही बे! आपल्याले सवय आहे." ते तो मुद्दाम खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणूनच 'मी गाडी चालवू शकतो का?' हा प्रश्न त्यालाच विचारून उपयोग नाही. तो यंत्राला विचारावा लागतो.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळला, तर गाडी चालवणं हा गुन्हा. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यंत्रात फुंकायला विनाकारण नकार दिला, तर तो नकारही कोर्टात त्याच्या विरुद्ध जाऊ शकतो.

एवढं कडक कशाला, असं कुणी म्हणेल. त्यासाठी मुंबईतली एक घटना सांगते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे मजूर झोपले होते. त्यांतले ७ जण गेले, ८ जण जखमी झाले. दिवसभर राबून झोपलेली माणसं ती! चालवणाऱ्या तरुणाच्या रक्तात १०० मिलीलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाला, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १२ जानेवारी २०१२ ला त्या न्यायालयानं ३ वर्षांची शिक्षा कायम केली. यकृताच्या गतीचं गणित इथे करून बघा. ११२ वरून ३० वर यायला साडेपाच तासांच्या आसपास लागले असते. तेवढा वेळ तो झोपला असता, किंवा घरी जायला टॅक्सी केली असती, तर?

पुढे जून २००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध मोठी मोहीम सुरू केली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर डिसेंबर १९८२ पासून पोलीस कुठल्याही चालकाला, कुठेही थांबवून फुंकायला लावू लागले. रस्त्यावरचे मृत्यू पहिल्या काही महिन्यांतच ठळकपणे कमी झाले. का बरं? शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा, आपण पकडले जाऊच, ही खात्री माणसाला जास्त शहाणं करते.

"साहेब, सोडा नं!"

आणि इथेच आपल्याकडे गाडी अडते. यंत्रात आकडा येतो, आणि लगेच खिशातून मोबाइल निघतो. "साहेब, जरा बोला भाऊंशी." "साहेब, सोडा नं, गाववालाच आहे." "लग्नाहून येऊन राहिलो, आज एक दिवस चालते." प्रत्येकाला वाटतं, नियम चांगलाच आहे, फक्त आपल्या माणसाला तेवढा नको!

ही ओळख किती लांब जाऊ शकते, ते पुण्यात दिसलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीनं एका मोटारसायकलला उडवलं. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. मोटार चालवणारा १७ वर्षांचा मुलगा होता. बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला, आणि त्याच्या अटींत एक अट होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची! देशभर संताप उसळला. तो आदेश काही दिवसांत बदलला गेला. वेळेवर वरिष्ठांना न कळवल्याबद्दल दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. आणि मग पोलिसांनी ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक केली. आरोप असा की, त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलण्यात आला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पण आपल्यासाठी एक गोष्ट आताच स्पष्ट आहे. यंत्र आणि प्रयोगशाळा खरं सांगतात. त्यांच्यासमोर खरी फुंकर आणि खरं रक्त येऊ द्यायचं की नाही, ते माणसांच्या हातात असतं.

म्हणून पोलिसांना मदत करणं म्हणजे फक्त २६ जानेवारीला प्रभातफेरीत घोषणा देणं नव्हे. आपल्या घरातल्या माणसासाठी 'सोडा नं' असा फोन न करणं, ही सगळ्यात मोठी मदत. आणि पोलीसकाकांनाही आपली एक विनंती असावी: ओळखीच्यालाही तीच नळी, अनोळखीलाही तीच नळी.

एका मुलीचा प्रश्न

हा विषय वर्गात बोलले, तेव्हा चौथीतली एक मुलगी सगळे गेल्यावर मागे थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, बाबा पिऊन असले, तर त्यांच्या गाडीवर बसू नये नं? पण नाही म्हटलं तर मार पडते."

मुलांनो, हा प्रश्न सोपा नाही. 'बाबांना ठणकावून सांग' असं मी तिला सांगू शकत नव्हते. तुम्हालाही सांगणार नाही. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणं हे लहान मुलांचं काम नाही. तिला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

गाडीवर बसू नका, पण भांडूही नका. "मला आजीजवळच राहायचं आहे", "पोट दुखते", "मी मावशीसोबत येते", असं काहीही सांगून मागे राहा. एरवी खोटं बोललं की मी रागावते; या खोट्याला माफी आहे. लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा: आई, काका, मामा, शेजारच्या काकू, नाहीतर तुमच्या बाई. ते किल्ली काढून ठेवू शकतील. कुणी झिंगत गाडी चालवताना दिसला, तर मोठ्यांना ११२ या क्रमांकावर फोन करायला सांगा. रस्त्याचं नाव, गाडीचा रंग आणि जमला तर नंबर सांगावा. अपघात झाला असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असं संरक्षण कायद्यानं दिलं आहे. आणि घरात मारहाण होत असेल, भीती वाटत असेल, तर १०९८ हा क्रमांक खास मुलांसाठीच आहे. तिथे फोन करणं म्हणजे चुगली नव्हे.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला ४६० च्या वर. हे सगळेच दारूनं गेले नाहीत. वेग, खड्डे, हेल्मेट नसणं, अशी कारणं पुष्कळ आहेत. पण दारूचं कारण असं आहे की ते गाडी सुरू करण्याआधी, घरच्या अंगणात किंवा लग्नाच्या मांडवात थांबवता येतं. धुळवड, पोळ्याची कर, वरात, ३१ डिसेंबर हे दिवस आपल्याला आधीच माहीत असतात. घरी परत कोण आणणार, ते निघण्याआधी ठरवा. तो माणूस त्या दिवशी पिणार नाही. ठरलं नसेल तर मुक्काम करा.

आणखी एक. शिकवणीला जाण्यासाठी मुलाच्या हातात स्कूटर देऊ नका. अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

करून बघा

उद्या शाळेच्या मैदानावर फक्कीनं एक रेघ मारा. मीटरपट्टी घेऊन तिथून ८ मीटर मोजा आणि दुसरी रेघ मारा. पहिल्या रेघेवर उभे राहून दुसरीकडे बघा. अर्ध्या सेकंदात गाडी एवढी पुढे जाते. मग त्या दोन रेघांच्या मध्ये तुमची मित्रमंडळी उभी करा, किती मावतात ते मोजा, आणि तो आकडा घरी जाऊन सगळ्यांना सांगा.