दंगल, टॅब्लॉइड आणि 'यांच्यावर संस्कारच नाहीत'

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.

आजचा प्रश्न: कुठे दंगल झाली की काही पेपर काय घडलं हे नीट सांगायच्या आधीच लोकांचे संस्कार का काढायला लागतात? उदाहरण घेऊ इंग्लंडचं, ऑगस्ट 2011 चं.

आधी घटना

4 ऑगस्टला उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा तरुण गेला. सुरुवातीच्या बातम्यांत आलं की दोन्हीकडून गोळीबार झाला. ते खरं नव्हतं. पोलिसांवरच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने नंतर मान्य केलं की पत्रकारांचा तसा समज आपल्यामुळे झाला असावा. 6 तारखेला घरचे आणि शेजारी उत्तर मागायला पोलीस स्टेशनवर गेले, तासन्‌तास थांबले. त्या रात्री टॉटनहॅम पेटलं आणि पुढच्या काही दिवसांत लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर.

नुकसान खरं होतं, हे आधीच सांगतो. पाच जण मेले. क्रॉयडनमध्ये 1867 पासूनचं फर्निचरचं दुकान जळून गेलं. ज्यांचं गेलं, त्यांचा राग शंभर टक्के बरोबर होता.

मग प्रवचन

पंतप्रधान कॅमेरून म्हणाले, ही निव्वळ गुन्हेगारी आहे. टॅब्लॉइडनी तोच सूर धरला. 'द सन'ने दंगलखोरांचे फोटो छापून 'मूर्खाला पकडून द्या' अशी मोहीमच काढली. दोष कुणाचा? बापाविना वाढलेली मुलं, ढिली शिस्त, सरकारी भत्ते आणि हो, फोन! तेव्हा पोरांच्या हातात ब्लॅकबेरी असायचा, त्यावरच्या मेसेंजरवरून निरोप फिरत होते. संसदेत सोशल मीडियावर बंधनं आणायचीही चर्चा झाली. ट्विटरवर मात्र लोक झाडू घेऊन रस्ते साफ करायला जमा होत होते.

आणि गंमत बघा. जेमतेम महिनाभर आधी, 10 जुलैला, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे टॅब्लॉइड बंद पडलं होतं. कारण? लोकांचे फोन हॅक करून बातम्या काढल्या होत्या. त्याचा मालक तोच, जो 'द सन'चा.

हे जुनंच आहे

1964 मध्ये क्लॅक्टन या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात 'मॉड्स' आणि 'रॉकर्स' या तरुणांच्या दोन गटांत बाचाबाची, मोडतोड झाली. पेपरांनी ती जवळपास स्वारी आल्यासारखी रंगवली. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने याचा अभ्यास करून 1972 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 'मॉरल पॅनिक', म्हणजे नैतिक घबराट, ही कल्पना रुजवली.

त्यातला एक किस्सा भारी आहे. कोर्टात दंड झाल्यावर एक पोरगा म्हणाला, चेकने भरतो. 'बघा, पैसा जास्त झालाय यांना' म्हणून पेपरांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वापरलं. प्रत्यक्षात त्याचं बँकेत खातंही नव्हतं! तो नुसता भाव खात होता.

असं का चालतं?

एक, स्वस्त पडतं. पोलिसांचं काय चुकलं हे शोधायला आठवडे लागतात, 'पिढी बिघडली' लिहायला दहा मिनिटं. दोन, वाचकाला बरं वाटतं, कारण वाईट लोक म्हणजे 'ते', आपण नाही. तीन, कारण विचारणाऱ्यालाच गप्प करता येतं: 'म्हणजे तू दंगलीची बाजू घेतोस?'

आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की आरसीए करतात, म्हणजे मूळ कारण शोधतात. कारण सापडलं म्हणून चूक माफ होत नाही. पण 'डेव्हलपर आळशी आहेत' एवढंच लिहून फाइल बंद केली, तर सर्व्हर पुन्हा पडणारच.

2011 ची आरसीए 'द गार्डियन' आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने केली. दंगलीत उतरलेल्या 270 जणांशी बोलले. 85 टक्क्यांनी पोलिसांची वागणूक हे महत्त्वाचं कारण सांगितलं. फुकट माल मिळतोय म्हणून गेलो, असं सांगणारेही होतेच. खरं उत्तर असं गुंतागुंतीचं असतं, ते हेडलाइनमध्ये मावत नाही.

आणि याची किंमत कोण मोजतं? एका 23 वर्षांच्या विद्यार्थ्याला साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या चोरल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा फक्त पेपरांमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण सगळीकडे 'धडा शिकवा' चालू असताना कोर्टही त्याच हवेत श्वास घेतं.

तेव्हा पुढच्या वेळी दंगलीची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. ठिणगी कुठे पडली, हे लिहिलंय का? आकडा कुणी दिला? आणि विशेषणं काढून टाकली तर बातमी किती उरते? काहीच उरत नसेल, तर तुम्ही बातमी नाही, प्रवचन वाचलंत.

तुमच्या पाहण्यातली अशी हेडलाइन असेल तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!