सेजमॅथ: आत डोकावू देणारं यंत्र

सेजमॅथ, थोडक्यात सेज, हे गणितासाठीचं सॉफ्टवेअर. टर्मिनलमध्ये ‘सेज’ टाइप करून एंटर दाबायचं. क्षणभर थांबून यंत्र तेच नाव आणि पुढे दोन टिंबं दाखवतं. तिथे 1766319049^2 - 61*226153980^2 असं लिहिलं की उत्तर येतं 1. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने काढलेली ही दोन मोठ्या संख्यांची जोडी. सेज ज्या भाषेवर उभं आहे त्या साध्या पायथनला हीच ओळ दिली तर तो भलताच आकडा देतो, कारण त्याच्या लेखी ते टोकदार चिन्ह घाताचं नाहीच. सेज तुमची ओळ पायथनच्या हवाली करण्याआधी गणितवाल्यांच्या सवयीप्रमाणे बदलून घेतं. एक भागिले तीनचंही तिथे 0.333 होत नाही, एक तृतीयांशच राहतं.

विल्यम स्टाइन या अंकसिद्धान्ताच्या अभ्यासकाने 2005 साली सेज पहिल्यांदा बाहेर आणलं. तेव्हा तो हार्वर्डला होता. मॅग्मा नावाच्या अशाच एका प्रणालीसाठी त्याने स्वतः कोड लिहून दिला होता. पण मॅग्माला पैसे पडतात आणि तिचा गाभा वापरणाऱ्याला बघायला मिळत नाही. सिद्धता झाकून ठेवून नुसता निष्कर्ष सांगितला तर कुठला गणिती मान्य करेल? मग आकडेमोडीला वेगळा न्याय का? सेज फुकट आहे याचं कौतुक फार होतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं उघडं असणं.

स्टाइनने सगळं नव्याने लिहिण्याचा हट्ट धरला नाही. बोर्दोचं पारी, आखेनला 1986 साली सुरू झालेलं गटसिद्धान्ताचं गॅप, कायझर्सलाउटर्नचं सिंग्युलर, एमआयटीतल्या जुन्या प्रणालीतून उतरलेलं मॅक्सिमा, असे नाना घरचे पाहुणे त्याने पायथनच्या एका पंगतीला बसवले. जिथे वेग हवा तिथला कोड पायथनच्याच वळणाच्या सायथन भाषेत लिहिला.

एवढा गोतावळा असल्यामुळे मूळ कोडवरून सेज उभारणं दमवतं. आधी ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा तुमच्या संगणकावर काय आहे आणि काय आणावं लागेल ते पाहते. मग ‘मेक’. हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्याचा हिशेब सरळ आहे: फाइल शेवटची कधी बदलली ते बघायचं आणि शिळं झालंय तेवढंच परत घडवायचं. पहिल्या खेपेला काही तास जातात, लॅपटॉपचा पंखा घरघरत राहतो. पुढच्या वेळी एखादीच फाइल बदलली असेल तर काम पुष्कळ लवकर उरकतं. हे ठाऊक नसलेला नवखा काही बिघडलं की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि आणखी एक दिवस घालवतो.

अशा वेळी मदतीला बसणाऱ्याने लगेच तयार आज्ञा चिकटवायला देऊ नये. आधी विचारावं, ‘तू आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहेस?’ निम्मी भानगड इथेच सुटते. फोल्डरच्या पत्त्यात कुठेतरी रिकामी जागा असते आणि सेजला ती चालत नाही. किंवा पोरगं नुसतं ‘सेज’ लिहितं आणि आधीपासून बसवलेली जुनी प्रत उघडते, आणि आपण केलेला बदल दिसत का नाही म्हणून ते डोकं धरून बसतं. स्वतः बांधलेली प्रत हवी तर त्याच फोल्डरमध्ये राहून नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते. त्रुटीचा संदेश वाचायचा तोही खालून वर. पडद्यावरची शेवटची ओळ फक्त ‘मेक’ थांबल्याचं सांगते, खरं कारण बरंच वर असतं. प्रत्येक भागाची नोंदफाइल ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये वेगळी ठेवलेली असते, ती उघडायला शिकवावं.

एकदा बांधणी झाली की खरी गंमत सुरू होते. कुठल्याही फलनाच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह दिलं तर माहिती येते. दोन दिली तर त्याचा कोडच समोर येतो. फाइल पायथनची असेल तर बदल करून सेज बंद करून पुन्हा उघडलं की बहुधा भागतं. सायथनची असेल तर ‘सेज डॅश बी’ ही आज्ञा द्यायची, कारण तिचं आधी सी भाषेत रूपांतर होतं आणि मग ती संकलित होते. नवख्याने पहिल्याच आठवड्यात हे करून पाहावं असं माझं मत आहे. एखाद्या फलनात एक प्रिंटची ओळ घुसडावी, पुन्हा बांधावं, ती ओळ उमटताना पाहावी. व्याख्यानं नंतर ऐकता येतील.

मोडतोडीची भीती वाटत असेल तर ‘सेज डॅश टी’ आहे. सेजमध्ये जवळपास प्रत्येक फलनाच्या माहितीत उत्तरांसकट उदाहरणं लिहिलेली असतात. या आज्ञेला फाइल दिली की ती त्या फाइलमधली सगळी उदाहरणं चालवून पाहते आणि उत्तर जुळलं नाही तर अपेक्षित काय होतं नि आलं काय, ते एकाखाली एक मांडते. नव्या माणसाचं पहिलं योगदानही पुष्कळदा असंच एखादं जास्तीचं उदाहरण असतं. ते दुसऱ्या कोणीतरी वाचून, तपासून होकार दिल्यावरच मूळ कोडात जातं, मग लिहिणारा प्राध्यापक असो वा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी.