हिमातल्या आडरस्त्यांविषयी काही गैरसमज

हिमाने झाकलेल्या आडरस्त्यावर मोटार हाकण्यात जो रोमांच आहे तो वेगाचा आणि धाडसाचा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. आणि स्वीडनच्या हिवाळी रॅलीची चित्रे पाहणाऱ्याच्या मनात तो दृढ झाला तर त्यात नवल नाही. १९५० साली उन्हाळी शर्यत म्हणून सुरू झालेली, पुढे १९६५ पासून हिवाळ्यात भरू लागलेली आणि दीर्घकाळ वेर्मलांड प्रांतातील अरण्यमार्गांवर धावलेली ही स्पर्धा जागतिक मालिकेतील अतिशय वेगवान स्पर्धांपैकी एक आहे, यात शंका नाही. परंतु त्या मोटारींच्या प्रत्येक टायरात शेकडो खिळे बसवलेले असतात आणि ते वरचे हिम भेदून खालच्या बर्फात रुततात. रस्ता अन्य रहदारीस पूर्ण बंद असतो. आणि कडेला साचलेल्या हिमाच्या बांधाला गाडीची मागची बाजू हेतुपुरस्सर टेकवून वळण घेण्याची विद्या त्या चालकांनी लहान वयापासून कमावलेली असते. नॉर्डिक देशांबाहेरील चालकास ही स्पर्धा प्रथम जिंकता आली ती २००४ साली, सेबास्तियां लोएब याच्या रूपाने, एवढ्यावरून त्या विद्येची दुर्लभता ध्यानी यावी. त्याच मुलखातला साधा रहिवासी कामाच्या दिवशी त्याच रस्त्याने मंद गतीने जातो, तेव्हा त्याला लाभणारा आनंद निराळा असतो. हिमाचा रंग कोठे पालटला, चाकांखालचा आवाज कोठे अकस्मात थांबला, हातातले स्टिअरिंग कोठे हलके पडले, यांकडे त्याचे सारे चित्त लागलेले असते. आणि माझ्या मते या रस्त्यांचा खरा रोमांच त्या एकाग्रतेतच आहे.

हे अवधान अनिवार्य का, हे गणिताने स्पष्ट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे ८ मीटरांत थांबते. दाबल्या गेलेल्या हिमावर तिला सुमारे ३० मीटर लागतात आणि गुळगुळीत बर्फावर ६० मीटरांहूनही अधिक. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्यातले ११ मीटर याखेरीज.

थंडी जितकी कडक तितका रस्ता निसरडा, हा दुसरा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे तेथे द्रवासारखा एक अत्यंत सूक्ष्म थर असतो. मायकेल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तसे सुचवले होते. तापमान शून्याजवळ असते तेव्हा हा थर जाड होतो, त्यात घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या पाण्याची भर पडते, आणि टायरची पकड जवळजवळ नाहीशी होते. उणे २० अंशांवर तोच बर्फ रुक्ष व कठीण होतो आणि चाकाला बराच आधार देतो. म्हणून जाणता चालक गोठवणाऱ्या रात्रीपेक्षा मार्चमधल्या उबदार दुपारला अधिक भितो. दिवसा वितळलेले पाणी सायंकाळी पुलावर अथवा झाडांच्या सावलीत पुन्हा गोठले, की खालचे डांबर जसेच्या तसे दिसू देणारा पारदर्शक थर तयार होतो, आणि ओलसर वाटणारा तो रस्ता वस्तुतः बर्फाचा असतो.

चारही चाकांना इंजिनाचे बळ पुरवणारी गाडी घेतली म्हणजे निर्धास्त व्हावे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अशी गाडी हिमातून सहज निघते आणि चढही सहज चढते. परंतु ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या कामी तिला कोणताही विशेष लाभ मिळत नाही. सहज निघालेला चालक वेग वाढवतो, आणि पहिल्या उतारावर फसतो. एरिक कार्लसन या स्वीडिश चालकाने १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली ती केवळ ८४१ घनसेंटिमीटर इंजिनाच्या आणि पुढच्याच चाकांना बळ देणाऱ्या साब गाडीत, हा दाखला येथे पुरेसा आहे. रुंद टायर हिमावर चांगले, ही समजूतही तशीच निराधार. स्वीडनच्या रॅलीत मुद्दाम अरुंद टायर वापरतात, कारण अरुंद टायर हिम कापून खाली टेकतो. निर्णायक असते ते रबर आणि त्यावरच्या खाचा. उन्हाळी टायरचे रबर तापमान ७ अंशांच्या खाली जाऊ लागले की कडक होत जाते. म्हणूनच १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर किमान ३ मिलिमीटर खोल खाचांचे हिवाळी टायर लावलेच पाहिजेत, असा स्वीडिश सरकारचा कायदा आहे.

गाडी घसरू लागली की ब्रेक जोराने दाबावा, ही उपजत प्रेरणा होय. परंतु टायरच्या पकडीचा साठा मर्यादित असतो, आणि तो सगळा थांबण्यात खर्ची पडला तर वळण्यासाठी काही उरत नाही. पाय अलगद उचलावा, जिकडे जावयाचे तिकडेच दृष्टी ठेवावी आणि स्टिअरिंग तिकडे हळुवार वळवावे. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा असल्यास ब्रेक दाबतानाही गाडी वळवता येते, हा तिचा मोठा उपकार. मात्र भुसभुशीत हिमात तिच्यामुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते, कारण अडकलेल्या चाकापुढे हिमाचा जो ढीग साचून गाडीला अडवतो, तो फिरत्या चाकापुढे साचत नाही.

महाराष्ट्रातून मनालीस जाणाऱ्या प्रवाशांना हा विषय आता परका राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाल्यावर जगापासून तुटणाऱ्या लाहौलमध्ये मैदानी प्रदेशातला चालक एका दिवसात पोचू लागला. हिमवृष्टी झाली की चारही चाकांना बळ देणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे जाण्याची मुभा पोलीस देतात. ती मुभा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. साखळ्या इंजिनाचे बळ ज्या चाकांना मिळते त्यांनाच लावाव्या लागतात आणि त्यांवर वेग मर्यादितच ठेवावा लागतो. बोगद्यातला रस्ता कोरडा असतो, आणि उत्तर मुखाबाहेर पाऊल ठेवताच हिवाळ्यात बर्फ लागू शकतो. यास्तव वेग कमी करावयाचा आणि खालचा गिअर टाकावयाचा तो बाहेरचा प्रकाश दिसण्यापूर्वी, बोगद्यात असतानाच.